जंगलाखालचे नगर : महेंद्रपर्वत, एक शिलालेख आणि लेसरचे किरण

#थ्रेड #इतिहास #पुरातत्त्व

१/
एका राजाने डोंगरावर राजधानी वसवली, असे एक शिलालेख सांगतो. तो डोंगर आजही जागच्या जागी आहे. पण त्या राजधानीचा आराखडा शतकानुशतके कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता, कारण त्यावर दाट अरण्य पसरले होते. एप्रिल २०१२ मध्ये त्या अरण्यावरून एक हेलिकॉप्टर फिरले. त्याला बसवलेल्या यंत्रातून लेसरचे किरण खाली सोडले गेले आणि झाडांखालचे रस्ते, बांध व तलाव नकाशावर उमटले. ही हकीकत कंबोडियातील महेंद्रपर्वताची आहे. तिच्या निमित्ताने आज एक प्रश्नही विचारायचा आहे : यंत्राने दाखवले म्हणजे इतिहास सिद्ध झाला का?

२/
आधी शिलालेखाविषयी. आजच्या थायलंडमध्ये, कंबोडियाच्या सीमेलगत, स्दोक काक थोम नावाचे ख्मेर मंदिर आहे. तेथील कोरीव स्तंभावर शके ९७४ चा, म्हणजे इ.स. १०५२ चा लेख आहे. तो संस्कृत आणि प्राचीन ख्मेर अशा दोन भाषांत आहे. एका पुरोहित घराण्याने आपल्या पूर्वजांची राजसेवा आणि राजांकडून मिळालेल्या जमिनी त्यात नोंदवल्या आहेत. ख्मेर राजसत्तेच्या आरंभाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या एका लेखावर उभा आहे.

३/
लेख सांगतो की राजा जयवर्मा (दुसरा) ‘जावा’ येथून आला. त्याने एकामागून एक राजधान्या केल्या : इंद्रपुर, हरिहरालय, अमरेंद्रपुर आणि मग महेंद्रपर्वत. महेंद्रपर्वतावर हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने एक विधी केला. कंबुजदेश यापुढे जावाच्या अधीन राहू नये आणि तेथे एकच चक्रवर्ती असावा, हा त्या विधीचा हेतू होता. हिरण्यदामाने घराण्याचा मूळपुरुष शिवकैवल्य याला चार तंत्रग्रंथ शिकवले. त्यांपैकी वीणाशिख नावाचे तंत्र नेपाळमधील हस्तलिखिताच्या रूपाने आजही उपलब्ध आहे.

४/
जयवर्म्याच्या राज्यारोहणाचे वर्ष परंपरेने इ.स. ८०२, म्हणजे शके ७२४ मानले जाते. पाठ्यपुस्तकांत ‘अंकोर काळाचा आरंभ’ म्हणून हेच वर्ष दिलेले असते.

आता हिशेब करून पाहा. घटना ८०२ ची आणि लेख १०५२ चा. मध्ये अडीचशे वर्षांचे अंतर. शिवाय लेख लिहवून घेणारे घराणे स्वतःच्या मानमरातबाचा आणि जमिनीच्या हक्कांचा दाखला मांडत होते. आपल्याकडच्या करिने आणि कैफियती वाचताना जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच येथेही हवी.

५/
हा महेंद्रपर्वत म्हणजे आजचा फ्नोम कुलेन, हे विद्वानांनी पूर्वीच ओळखले होते. अंकोरच्या ईशान्येला पसरलेले हे वालुकाश्माचे पठार. अंकोरची मंदिरे ज्या दगडात उभी राहिली, त्याच्या खाणी याच डोंगराच्या पायथ्याशी आहेत. अंकोरला पाणी पुरवणारी सिएम रीप नदीही येथेच उगम पावते आणि तिच्या पात्रातील खडकांत शेकडो शिवलिंगे कोरलेली आहेत. पाणी आपोआप पवित्र होऊन खालच्या शेतांकडे वाहत जावे, अशी त्यामागची धारणा असावी.

६/
१९३६ मध्ये फ्रेंच अभ्यासक फिलिप स्टर्न यांनी पठारावर फिरून विटांची अनेक मंदिरे आणि विष्णूच्या मूर्ती नोंदवल्या. त्या शिल्पशैलीला पुढे ‘कुलेन शैली’ असे नाव मिळाले. पण मंदिरे सुटी सुटी होती. एक येथे, दुसरे दोन कोसांवर, तिसरे ओढ्यापलीकडच्या झाडीत. त्यांना जोडणारे काहीच दिसत नव्हते. त्यामुळे अभ्यासकांपुढे दोन पर्याय होते : डोंगरावर खरोखर नगर होते, की विखुरलेली देवस्थाने होती आणि ‘राजधानी’ हा नंतरच्या पुरोहितांचा गौरवशब्द होता?

७/
प्रश्न सुटायला वेळ लागला, त्याला कारण केवळ झाडी नव्हे. १९७० च्या दशकापासून कंबोडिया युद्धात होरपळला. कुलेनचे पठार दीर्घकाळ ख्मेर रूजच्या ताब्यात होते आणि तेथे भूसुरुंग पेरले गेले. जेथे पाऊल टाकणे जिवावर बेतू शकते, तेथे टेप आणि कंपास घेऊन सर्वेक्षण कसे करणार? शांतता आल्यावर ज्याँ-बाप्तिस्त शव्हाँस आणि त्यांच्या कंबोडियन सहकाऱ्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने पायवाटांवरून नोंदी घेण्यास पुन्हा आरंभ केला. हे वर्षानुवर्षांचे कष्टाचे काम होते.

८/
आता यंत्राकडे वळू. लायडारचे तत्त्व सोपे आहे. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून लेसरचा स्पंद खाली सोडायचा, तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि प्रकाशाच्या वेगावरून अंतर काढायचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातो. किरणाला जाऊन परत यायचे असते, म्हणून जमिनीवरचा १५ सेंटिमीटरचा उंचवटा ओळखायचा तर एका नॅनोसेकंदाचा फरक पकडावा लागतो. यंत्र हे काम सेकंदाला लक्षावधी वेळा करते.

९/
मग झाडांचे काय? सामान्य समज असा की लेसर पाने भेदून जातो. तसे होत नाही. भर दुपारी घनदाट रानात उभे राहून खाली पाहा : जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात. जेथून ऊन खाली उतरते, तेथून लेसरही उतरतो. एकाच स्पंदाचा काही भाग शेंड्यावर, काही फांदीवर आणि उरलेला जमिनीवर आदळून परत येतो. बहुसंख्य किरण पानांतच अडकतात. पण मुळात किरण इतके असतात की थोडे जमिनीपर्यंत पोहोचले तरी काम भागते. एप्रिलमध्ये उड्डाणे करण्याचे मर्मही यात आहे. तो तेथला कोरडा ऋतू, झाडांवर पाने त्यातल्या त्यात कमी.

१०/
हेलिकॉप्टर त्या क्षणी नेमके कोठे होते हे जीपीएसने आणि ते किती कलले होते हे जडत्वमापकाने कळते. त्यावरून प्रत्येक परताव्याचे त्रिमितीय स्थान ठरते. अशा कोट्यवधी बिंदूंचा ढग हाती येतो. मग संगणकावर त्यातील पाने, फांद्या व घरे यांचे बिंदू वेगळे काढून केवळ जमिनीचे ठेवायचे. उरलेल्या पृष्ठभागावर तिरका कृत्रिम प्रकाश टाकला की हातभर उंचीचा बांधही सावली टाकू लागतो. गवतात उभ्या असलेल्या माणसाला न जाणवणारी रेषा वरून पाहताना कोसभर सरळ गेलेली दिसते.

११/
पुरातत्त्वात या तंत्राचा दबदबा निर्माण झाला तो मध्य अमेरिकेत. बेलीझमधील कराकोल या माया नगरात आर्लेन आणि डायेन चेस या दांपत्याने सुमारे पंचवीस वर्षे खपून २३ चौरस किलोमीटरचा नकाशा तयार केला होता. २००९ मध्ये लायडारने काही दिवसांच्या उड्डाणांत २०० चौरस किलोमीटर मोजले. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी : चित्रातील कोणता उंचवटा घर आणि कोणता पायऱ्यांचे शेत, हे ओळखता आले ते आधीच्या पंचवीस वर्षांमुळेच.

१२/
कराकोलच्या यशाने प्रेरित होऊन कंबोडियात आठ संस्था एकत्र आल्या. डेमियन एव्हन्स, रोलँड फ्लेचर, क्रिस्तोफ पोतिये, शव्हाँस आदींच्या या गटाने २०१२ मध्ये अंकोर, कुलेन आणि कोह केर येथील सुमारे ३७० चौरस किलोमीटरचे मापन केले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये एव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम निघाली आणि तिने १,९०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश व्यापला. कुलेनविषयीचा सविस्तर शोधनिबंध २०१९ मध्ये आला.

१३/
कुलेनच्या पठारावर काय दिसले? सुट्या मंदिरांना जोडणारे सांधे दिसले. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारे रुंद मातीचे बांध एकमेकांना छेदतात आणि त्यांतून मोठमोठे चौकोन तयार होतात. हा जाळीदार आराखडा सुमारे ४० ते ५० चौरस किलोमीटरवर पसरला आहे. त्या चौकटीत मंदिरे, बंधारे, तलाव आणि लहान वसाहती बसवलेल्या आहेत. पूर्वी पायी फिरून नोंदवलेली कित्येक स्थळे या जाळ्यात नेमक्या जागी बसली. रोंग चेन नावाचे पायऱ्यापायऱ्यांचे उंच देवालय आणि बांतेय येथील राजवाड्याची मानली जाणारी जागाही या जाळ्याचाच भाग आहे.

१४/
आणखी एक गोष्ट दिसली, ती विशेष बोलकी आहे. पठारावर एक प्रचंड तलाव खोदायला घेतला होता आणि तो अपुराच राहिला. लेख म्हणतो की जयवर्मा पुढे पुन्हा हरिहरालयाला, म्हणजे खालच्या मैदानातील आजच्या रोलुओस परिसरात, परतला. पठारावर भाताला लागणारी सपाट जमीन थोडी आणि मैदानात मुबलक. अर्धवट सोडलेला तलाव आणि राजाचे परतणे यांचा मेळ बसतो. ‘मेळ बसतो’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. ‘सिद्ध होते’ असे म्हटलेले नाही. त्याकडे आता येऊ.

१५/
लायडार आकार दाखवतो, काळ दाखवत नाही. चित्रातील बांध आठव्या शतकातील आहे की अठराव्या, हे किरणाला कळत नाही. एकावर एक चढलेली हजार वर्षांची बांधकामे त्या चित्रात एकाच वेळी, एकाच रंगात दिसतात. म्हणून पुन्हा जमिनीवर उतरावे लागते : उत्खनन, खापरांचा अभ्यास, कोळशाचे कार्बन-१४ मापन, मंदिरांची शैली. कुलेनच्या आराखड्याला आठव्या-नवव्या शतकाची तारीख दिली गेली ती या पुराव्यांच्या आधारे. लायडारने कोठे खणावे ते सांगितले, आणि काय सापडले ते कुदळीने सांगितले.

१६/
आता शिलालेखाचा पडताळा घेऊ.
• डोंगरावर त्या काळी नियोजित नगर होते का? होय, आता याविषयी भक्कम पुरावा आहे.
• ते राजसत्तेचे केंद्र होते का? आराखड्याचा आवाका पाहता तसे मानणे सयुक्तिक आहे.
• हिरण्यदामाने विधी केला का? जावाचे जोखड झुगारले का? एकच चक्रवर्ती असावा असे ठरले का? यावर लायडार एक अक्षरही बोलत नाही.

लेखातील एक विधान खरे ठरले म्हणून सगळी विधाने खरी ठरत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा नियम गाठीशी बांधून ठेवावा. ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ असे म्हणत अमुक ग्रंथातील सर्व काही खरे मानण्याची घाई आपल्या अवतीभवतीही बरीच दिसते.

१७/
‘हरवलेले शहर सापडले’ असे मथळे २०१३ मध्ये जगभर झळकले. कुलेनवरच्या गावकऱ्यांना ते वाचून काय वाटले असेल? त्यांच्या लेखी हा डोंगर कधी हरवलाच नव्हता. तेथील अखंड खडकात कोरलेल्या निद्रिस्त बुद्धाच्या दर्शनाला कंबोडियाभरातून यात्रेकरू येतात. जुन्या मंदिरांची स्थाने आणि त्यांची नावे अभ्यासकांना सांगितली ती गावकऱ्यांनीच. नवे कळले ते नगराचे एकसंध रूप, आणि तेवढेच पुरेसे मोठे आहे. आंरी मुओ यांनी १८६० मध्ये अंकोर ‘शोधले’, या जुन्या वाक्प्रयोगातही हीच गफलत आहे. अंकोर वाटमध्ये तेव्हाही भिक्खू राहत होते.

१८/
माझ्या मते लायडारची खरी देणगी निराळीच आहे. ख्मेर राज्यात दगड आणि पक्की वीट देवांसाठी राखलेली होती. राजापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांची घरे लाकूड, बांबू आणि गवताची. १२९६-९७ मध्ये अंकोरला राहिलेला चिनी दूत चौ ता-क्वान लिहितो की सामान्य लोक घरावर गवत शाकारतात, कौले घालण्याचे धाडस करीत नाहीत. तेथील उष्ण, दमट हवेत अशी घरे कुजून मातीला मिळतात. परिणामी देव राहिले आणि माणसे नाहीशी झाली. अंकोरचा अभ्यास दीर्घकाळ बव्हंशी मंदिरांचा आणि राजांचा राहिला, तो यामुळेच.

१९/
पण घर कुजले तरी ज्या उंचवट्यावर ते उभे होते, तो उरतो. घरामागचे तळेही खड्ड्याच्या रूपाने उरते. अंकोर वाटच्या खंदकाआतील झाडीत लायडारने असे उंचवटे आणि तळी यांच्या शिस्तबद्ध रांगा दाखवल्या. त्यांपैकी एका उंचवट्याच्या उत्खननात स्वयंपाकाची भांडी आणि रोजच्या वावराच्या खुणा मिळाल्या. मंदिराची सेवाचाकरी करणारे लोक तेथे राहत असावेत. अशा नोंदी आणि इतर पुरावे जुळवून २०२१ मध्ये अभ्यासकांनी वैभवकाळातील बृहद्-अंकोरची लोकसंख्या ७ ते ९ लाख असल्याचा अंदाज मांडला. जी माणसे कोणत्याही शिलालेखात नाहीत, ती अशी मोजणीत आली.

२०/
सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रायगडावर बाजारपेठेची दुतर्फा जोती उभी आहेत. लाकूडकाम आणि छपरे गेली, चौथरे राहिले. पण कमी वर्दळीच्या एखाद्या गडावर पावसाळ्यानंतर जा. कारवी आणि गवत इतके माजलेले असते की जोत्यावरून चालत गेलो तरी ते कळत नाही. उन्हाळ्यात गवत जळाले की तीच जागा घरांच्या रेषांनी भरून जाते. लायडार करतो ते हेच : गवत न जाळता, झाड न तोडता ‘उन्हाळा’ आणतो.

२१/
कुलेनविषयी आणखी एक विलक्षण निष्कर्ष आहे. पठारावरच्या एका प्राचीन तलावातील गाळाचे थर २०१४ मध्ये तपासले गेले. नवव्या शतकाच्या मध्यापासून अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डोंगरउतारांची माती मोठ्या प्रमाणात वाहून येत होती, असे त्यांतून दिसले. म्हणजे उतारांवरची झाडी तोडली गेली होती, जमीन राबत होती. याचे दोन अर्थ निघतात. राजधानी हलल्यानंतरही येथे दोन-अडीच शतके वस्ती नांदत होती. आणि ज्या जंगलाने नगर झाकले असे आपण म्हणतो, त्याचा बराचसा भाग त्या नगरानंतर उगवलेला आहे.

२२/
या तंत्राच्या दोन काळ्या बाजूही नोंदवायला हव्यात. पुरातत्त्वज्ञाला जो नकाशा उपयोगी, तोच मूर्तिचोरालाही. कंबोडियातील मंदिरे युद्धकाळात आणि नंतरही लुटली गेली आहेत, त्यामुळे नेमकी स्थाने किती उघड करावीत हा प्रश्न नाजूक आहे. दुसरी बाजू जंगलाची. कुलेनवर काजूच्या लागवडीसाठी झाडे तुटत आहेत. बांध हातभर उंचीचे असतात आणि नांगर फिरला की संपतात. २०१२ आणि २०१५ ची मापने काही ठिकाणी त्या खुणांची अखेरची नोंद ठरू शकतात.

२३/
डेमियन एव्हन्स यांचे सप्टेंबर २०२३ मध्ये निधन झाले. त्यांच्या कामातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यंत्राने दिलेल्या चित्रावर ते थांबले नाहीत, ते चित्र घेऊन लोक पुन्हा जंगलात शिरले. शिलालेखाने महेंद्रपर्वताचे नाव दिले, गावकऱ्यांनी वाटा दाखवल्या, लायडारने आराखडा दिला, उत्खननाने काळ दिला. यांतील कोणताही एक साक्षीदार एकटा पुरला नसता. आणि हिरण्यदामाच्या विधीबाबत आजही आपल्याकडे एकच साक्षीदार आहे, तोही अडीचशे वर्षे उशिरा बोललेला. ती जागा मोकळी आहे असे सांगणे, हेही इतिहासकाराचेच काम.

२४/
काही चुकले असल्यास जरूर निदर्शनास आणा, दुरुस्ती करीन. आणि एक विनंती : पुढच्या वेळी गडावर गेलात की तटबंदी, दरवाजे पाहून झाल्यावर थोडा वेळ जोत्यांसाठी राखून ठेवा. एखादे जोते पावलांनी मोजा, शेजारचे पाण्याचे टाके किती अंतरावर आहे ते पाहा आणि वहीत टिपून ठेवा. तेथे राहिलेल्या माणसांची लेखी नोंद बहुधा कोठेच नसते.